शुक्रवार की रविवार?

मंडळी, आज जीव भांड्यात पडला.

नव्वदच्या दशकात कामतघरच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये कडाक्याचं भांडण झालं. लूमवाल्यांना, म्हणजे यंत्रमागावरच्या कामगारांना, सुट्टी शुक्रवारी, म्हणून पप्पांचे मित्र सॅम्युअलकाका म्हणाले, उपासना शुक्रवारी घेऊ. पप्पा म्हणाले, रविवारीच! चिडून आम्हाला कल्याणच्या चर्चला न्यायला लागले.

आता पप्पांना तेवढा प्रवास झेपत नाही. म्हणून आज रविवारी, उपासना नसली तरी प्रार्थना तरी करता येईल म्हणून, भीतभीतच त्यांना जुन्या चर्चला नेलं. दारात काकाच उभे! पप्पा रिक्षातून उतरेनात.

काका जवळ आले. "अरे, तू गेलास त्याच महिन्यापासून आम्ही दोन्ही दिवस उपासना घेतो. तुला सांगायला यायची लाज वाटली रे."

पप्पा हात पुढे करून म्हणाले, "बघतोस काय? उतरव मला."

तुमचं कुणाला सांगायचं राहिलंय?