पाचवरून दहावर

काल खण आवरताना तांदळाच्या दाण्याएवढी काळी प्लास्टिकची टोपी सापडली. जंपर म्हणायचो आम्ही तिला. मी मनाने थेट लातूरच्या जुन्या कचेरीत पोहोचलो.

जिल्हा नवा होता, दुष्काळ होता आणि टँकर लागणाऱ्या गावांची यादी सर्व्हरमध्ये अडकली होती. त्यात संगणक एकमेकांना जोडणारे नेटवर्कचे नवे कार्ड बसवले होते, पण त्याचा आणि जुन्या कार्डाचा क्रमांक एकच, पाच. म्हणून दोन्ही गप्प. टोपी नव्या कार्डावरच्या, पाच आकडा लिहिलेल्या धातूच्या काड्यांवरून काढून दहाच्या काड्यांवर बसवायची होती. घरातला पहिला पदवीधर मी. असले कार्ड फक्त पुस्तकात पाहिलेले. हात लावण्याआधी मी कोरडा नळ घट्ट धरला.

उदगीरकडचे शिपाई काशिनाथमामा हसले. "सायेब, नळाला पाणी न्हाई, काय करायलात?"

"अंगातली वीज उतरवतोय, मामा. नाहीतर कार्ड जळेल."

"व्हय? मग माझीबी उतरवा!" त्यांनीही नळ धरला.

टोपी बसली. मशीन सुरू केले आणि शेजारच्या संगणकावर यादी उमटली. दहा चालतो! मी ओरडलोच.

मामा पडद्याजवळ वाकले. "आमच्या गावाचं नाव हाय का, बघा की."

होते. पण त्यांनी विचारेपर्यंत मी त्या यादीतले एकही गाव वाचले नव्हते.