बहिऱ्या फौजीचे तीन आकडे

माणूस ठार बहिरा आणि कागद म्हणतो दोन्ही कान उत्तम! अशी फाइल हातात आल्यावर मला कुठली चैन पडायला?

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. पुण्याच्या कचेरीत माजी सैनिकांच्या अपंगत्व पेन्शनचे अर्ज माझ्या टेबलावर यायचे. हा अर्ज भुकूमच्या एका धनगर फौजीचा होता. नऊ वर्षं तोफेपाशी काढली, तिथंच कान गेले, असं त्याचं म्हणणं. पण सैन्यातून सुटतानाच्या तपासणीत तो पास झाला होता. त्या एका ओळीपायी अर्ज फेटाळला गेला होता. आता फेरतपासणी तेवढी उरली होती. तीही हुकली की पेन्शनचा विषय संपला.

चौकशीला मी भुकूमला गेले. गडी माळावर मेंढरं राखत होता. मागून तीन हाका मारल्या. ढिम्म! त्याची बायको म्हणाली, "बाई, आदी घुंगराच्या आवाजावरनं कुटलं मेंढरू कुटं हाय ते सांगायचे. आता मलाच पळाया लागतंय."

"मग तपासणीत पास कसे झालात?" मी त्याच्या कानाशी ओरडले.

"झालो की! फौजेत कदी नापास न्हाई झालो," म्हणून तो छाती काढून हसला. असा राग आला मला! निघताना दोघांना ओरडून बजावलं, डॉक्टर मागं उभे राहून आकडे कुजबुजतील. ऐकू आलं नाही तर गप्प राहायचं. दोघांनी माना डोलावल्या.

फेरतपासणीला मी कागद घेऊन हजर होते. फौजी सावधानमध्ये ताठ उभा. डॉक्टर त्याच्या मागं गेले आणि चष्मा काढून पुसायला लागले.

"बावीस! सत्तेचाळीस! नऊ!" फौजी खणखणीत ओरडला.

मी कपाळावर हात मारला. डॉक्टर त्याच्या पुढ्यात आले. "हे आकडे कुठले?" त्यांनी ओठ दिसतील असं सावकाश विचारलं.

"रांगेतल्या म्होरल्या गड्यानं सांगितलेले, सायेब. सुटायच्या टायमाला समद्यास्नी त्येच इचारत व्हते. नापास झालो असतो तर दवाखान्यात ठिवून घेतलं असतं. मला घरी जायचं व्हतं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "बाई, मी तर अजून तोंडही उघडलं नव्हतं." मग त्यांनी कान नोकरीतच गेल्याचं लिहून सही केली.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "पास का, बाई?"

मी हसत मान हलवली आणि त्याच्या कानाशी ओरडले, "नापास! पेन्शन मिळणार तुम्हाला."

त्याचा चेहरा उतरला. पेन्शनचं पुन्हा दोनदा ओरडून सांगितलं, ते त्याला कळलंही. तरी एस.टी.त चढताना म्हणालाच, "पण आकडे तर बरोबर व्हते."