मुलुंडच्या कन्येचं यान

त्या रविवारी सकाळी मी पोहे भिजवत होते आणि बाहेरच्या खोलीतून यांची हाक आली, "अगं, लवकर ये!" बायपास झालेल्या नवऱ्याने बायकोला अशी हाक मारू नये, हे मी यांना किती वेळा बजावलं आहे. हातात चाळणी तशीच घेऊन मी धावले. यांना काहीही झालेलं नव्हतं. टीव्हीवर लाल पट्टी धावत होती, "अंतराळात हाहाकार! यान बेकाबू!"

आमची एकुलती एक मुलगी परदेशात एका अवकाश संस्थेत काम करते. सूर्यमालेच्या पार टोकाकडे निघालेलं एक यान आहे. त्याने काय काय करायचं हे त्याला पृथ्वीवरून सांगावं लागतं, आणि ते सांगणाऱ्यांपैकी ती एक. मला एवढंच कळतं. यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, निदान बागेतल्या कट्ट्यावर ते तसं दाखवतात. तिला नोकरी लागली तेव्हा स्टेशनबाहेर फ्लेक्स लागला होता, "मुलुंडच्या सुकन्येचे हार्दिक अभिनंदन". तिचा बारावीतला फोटो, शेजारी कुठलं तरी भलतंच रॉकेट आणि तिच्या दुप्पट आकाराचे, हात जोडलेले स्थानिक नेते. मी वैतागले होते. यांनी मात्र फ्लेक्सखाली उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला होता.

तर टीव्हीवर तेच यान होतं. निवेदिका स्टुडिओत उभी होती आणि तिच्या मागे यान धडाधडा जळत होतं.

"अंतराळात हवा नाही, तर आग कशी लागेल?" हे मला विचारत होते.

"मला काय विचारता? तिला विचारा," मी म्हटलं.

मी मुलीला फोन लावला. नुसताच वाजत राहिला. कामावर असताना फोन बाहेर कपाटात ठेवावा लागतो, हे मला माहीत होतं. तरी पुन्हा लावला. तिचा शेवटचा मेसेज पहाटेचा होता, "कामावर जरा गडबड आहे. नंतर बोलते." सकाळी उठल्यावर मी तो वाचला होता आणि विसरूनही गेले होते. आता त्यातला 'जरा' मला खुपायला लागला. ही मुलगी पहिल्यापासून अशीच. शाळेत पाय मोडला तेव्हाही 'जराच लागलंय' म्हणत घरी आली होती.

चॅनल बदलत गेलो तसं यान आणखी बिघडत गेलं. एका ठिकाणी ते विचित्र आकडे पाठवत होतं. दुसरीकडे ते आकडे परग्रहवासीयांचा निरोप ठरले होते. तिसऱ्या ठिकाणी एक ज्योतिषी बसले होते आणि यान सोडलं त्या वेळची कुंडली मांडून शनीकडे बोट दाखवत होते. इथपर्यंत मला हसू तरी येत होतं. मग चौथ्या चॅनलवर पट्टी आली, "एका चुकीच्या आदेशाने घात? कोण आहे जबाबदार?"

यांनी रिमोट खाली ठेवला. आदेश पाठवणाऱ्यांत आमची मुलगी होती, हे आम्हाला दोघांनाही एकमेकांना सांगायची गरज नव्हती.

"तिची चूक नसेल," हे म्हणाले.

"असली तर?" मी म्हटलं. म्हणायला नको होतं. पण माझ्या डोक्यात तेवढंच होतं. एवढं मोठं यान, कोणकोणत्या देशांची माणसं त्यावर आयुष्य घालवून बसलेली, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये आमची पोर खाली मान घालून उभी आहे, असं चित्र मला दिसत होतं. तिथे तिच्या पाठीवरून हात फिरवायला कोण होतं?

मग यांनी तेच सांगायला सुरुवात केली, जे ते कट्ट्यावर सगळ्यांना सांगतात. मुलगी मागच्या खेपेला आली होती तेव्हा तिच्याकडून त्यांनी ते पाठ करून घेतलं होतं. यानात काही बिघडलं की ते स्वतःच बाकीची सगळी कामं बंद करतं, अँटेना आपल्या दिशेला वळवतं आणि पृथ्वीवरून कोणी हाक मारेल म्हणून वाट बघत बसतं. इथून हाक पोचायला कित्येक तास, उत्तर यायला तितकेच. "म्हणजे गप्प आहे याचा अर्थ गेलं असा नाही," हे म्हणाले. त्यांनी ते दोनतीनदा म्हटलं. दर वेळी आवाज थोडा बारीक होत गेला. मी त्यांची गोळी आणून दिली आणि त्यांनी ती मुकाट्याने घेतली.

दुपार व्हायला आली तेव्हा माझा फोन वाजला. मी नंबरही न बघता उचलला. तिकडे कुठल्या तरी चॅनलची बाई होती. फ्लेक्सचा फोटो तिला कुठून तरी मिळाला होता, आणि आमचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवरून.

"मॅडम, तुमची मुलगी आत्ता कुठल्या मनःस्थितीत आहे?"

"ते मलाच माहीत नाही."

"म्हणजे तुमचा मुलीशी संपर्क तुटलाय का?"

मी फोन कट केला. नुसता कट केला नाही, त्याआधी दोन शब्द ऐकवले. ते इथे लिहीत नाही. आणि फोन असा आपटला की तो टेबलावरून खाली पडला.

थोड्याच वेळात टीव्हीवर तो फ्लेक्स आला. तिचा बारावीतला फोटो, तेलकट दोन वेण्या. "मुलुंडच्या कन्येचं यान बेपत्ता". आणि खाली, "आई-वडिलांशी संपर्क तुटला, कुटुंबावर शोककळा". सोबत ते संथ, रडकं संगीत. मी उठून टीव्ही बंद केला. यांनी पुन्हा लावला. मी पुन्हा बंद केला आणि रिमोट घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसले. सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. कोणीतरी लिहिलं होतं, "आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत." कुठलं दुःख, हे विचारावं असं एकालाही वाटलं नाही. ओट्यावर पोह्यांचा गोळा झाला होता.

मग बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या काकू होत्या, मालवणकडच्या, ऐंशीच्या घरातल्या. लिफ्ट असून जिन्याने आलेल्या, धापा टाकत. हातात फडक्यात बांधलेलं पातेलं.

"धर गो," त्या म्हणाल्या.

मी झाकण उचललं. पिठलं होतं, वर भाताचा डबा.

आमच्याकडे ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भात करून आणून देतात. माझे सासरे गेले तेव्हा याच काकूंनी आणून दिला होता, बहुधा याच पातेल्यात. माझं डोकं सणकलं.

"काकू, कोणी गेलेलं नाहीये आमच्याकडे! जिवंत माणसांच्या घरी पिठलं-भात घेऊन आलात?"

"ता म्हायत आसा माका," काकू शांतपणे म्हणाल्या. "कोणी जाऊक नाय. पण गॅस पेटवलंस काय सकाळपासना?"

सकाळच्या चहानंतर गॅस पेटलाच नव्हता.

"मगे? खावा गुमान. तो बघ कसो बसलाय." आणि यांच्याकडे एकदा बघून त्या जशा आल्या तशा जिन्याने परत गेल्या.

अपशकुन वाटला, हे मी कबूल करते. पातेलं ओट्यावर ठेवून मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. पण हे उठून आले, दोन ताटं घेतली आणि वाढायला लागले. आम्ही जेवलो. एकमेकांकडे न बघता, अगदी चाटूनपुसून जेवलो. त्यानंतर मी हात धुतले आणि फोन समोर ठेवून बसले.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला फोन आला. तिचाच. मी स्पीकरवर टाकला.

"आई, किती मिस्ड कॉल! आत्ता बघतेय. काय झालं?"

"काय झालं मलाच विचारतेस? टीव्हीवर काय चाललंय माहितीये तुला?"

तिला काही माहीत नव्हतं. मी सांगत गेले, ती दमलेल्या आवाजात ऐकत गेली. तिने काय ते थोडक्यात सांगितलं. यानातल्या एका भागात बिघाड झाला होता, म्हणून ते उलटसुलट आकडे पाठवायला लागलं आणि मग नियमाप्रमाणे स्वतःच थांबून बसलं. कोणी चुकीचा आदेश दिलेला नव्हता. तिथल्या लोकांनी त्याला हाक मारली होती आणि थोड्या वेळापूर्वी त्याचं उत्तर आलं होतं. हे सगळं तिने कसं सांगितलं, तर दूधवाला उशिरा आला हे सांगावं तसं. माझ्या छातीवरचा दगड उतरला. यांनी डोळे मिटून घेतले.

"जाऊ दे गं ते," ती म्हणाली. "आज काय केलं होतंस जेवायला?" दर रविवारी ती हे विचारते. तिथे एकटीने काहीबाही खाणाऱ्या पोरीला ते ऐकूनच बरं वाटतं.

"मी नाही केलं. वरच्या काकूंनी पिठलं-भात आणून दिला."

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"अगं, कोणी नाही, त्या काकूंनी आपलं..."

"आई, बाबांना फोन दे."

"ऐक तर..."

"आधी बाबांना दे!" यानाबद्दल बोलताना जराही न हललेला तिचा आवाज आता फाटला होता.

मी फोन यांच्यापुढे सरकवला. सकाळपासून हा माणूस तिला काय काय सांगायचं ते मनाशी जुळवत बसला होता. आता तोंड उघडलं, पण घशातून आवाजच निघेना. डोळ्यांतून नुसती धार लागली होती.

"बाबा? बाबा, बोल ना. बाबा!"

"अहो, बोला काहीतरी," मी त्यांचा खांदा गदागदा हलवला.

"आहे गं," हे कसेबसे म्हणाले. "मी आहे. इथेच आहे."

दिवसभर न रडलेली आमची मुलगी मग हमसून हमसून रडायला लागली, आणि आम्ही दोघं त्या फोनच्या दोन्ही बाजूंना हात ठेवून बसून राहिलो.