फ्यूजच्या डब्यातील अक्षता

सुदाममिस्त्री गेल्याची वार्ता चांगोने आणली. बदलापूरच्या कात्रपमधील माझ्या घराच्या दाराशी चपला काढून तो उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, उल्हासनगरचं मिस्त्री गेलं. परवा.” मी पोथी मिटली. त्याला आत बोलावले. तो उंबऱ्याजवळच बसला. सुदाममिस्त्रींविषयी बोलायचे म्हटले की आमच्या दोघांमधील एक जुनी गोष्ट मध्ये येई, आणि ती मी तोवर कधी उच्चारली नव्हती. आज महिना होऊन गेला. ती या रविवारच्या पुरवणीत लिहितो.

सुदाममिस्त्री उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पात ट्रकच्या वायरिंगची कामे करीत. पत्र्याचे छप्पर, भिंतीवर भगवान बुद्धांची तसबीर, तिच्यापुढे रोज एक ताजे फूल. आणि खिळ्याला टांगलेला त्यांचा टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन लांब वायरी जोडलेला एक साधा बल्ब. आसपासच्या गॅरेजांतून दिवसभर हिंदी-सिंधीचा कोलाहल चाले, पण हा मनुष्य खालच्या पट्टीतच बोले. मी तेव्हा अंबरनाथच्या एका शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि सवडीने पौरोहित्यही करीत असे. माझा धाकटा भाऊ दत्तू याने बदलापुरात एक जुना ट्रक घेतला होता. बारवी धरणाकडच्या भट्ट्यांवरून विटा आणून तो उल्हासनगरात पोहोचवी. ट्रक चालवीत असे चांगो. त्याच रस्त्यावरच्या डोंगरातील एका वाडीचा.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची ही हकिगत. दसरा होऊन पंधरा दिवस झाले असतील-नसतील, ट्रकला काही विलक्षणच होऊ लागले. ब्रेक दाबला की वायपर हलत, वळणाचा दिवा लावला की हॉर्न सुरू होई तो थांबत नसे. मग चांगो गाडी कडेला घेऊन बॅटरीची वायर सोडी व ताटकळत बसे. यात एक गोष्ट दत्तूला खटकली. ट्रक दर वेळी एकाच ठिकाणी अडे, चांगोच्या वाडीच्या फाट्यावर. आणि त्याच सुमारास चांगोच्या घराला विटांची नवी भिंत उभी राहिली होती.

“दादा, हा वायरीत हात घालतो आणि वाडीत विटा उतरवतो,” दत्तू म्हणाला. “तुम्हीच सांगा, यंत्राला वाडी ओळखता येते का?”

मी न्यायशास्त्र शिकलेला मनुष्य. धूर दिसला की अग्नीचे अनुमान करावे, हे विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. मला धूर स्वच्छ दिसत होता. एकदा जाऊन मी ती भिंतही पाहून आलो. तिच्यातील विटांवर दुसऱ्याच भट्टीचा छाप होता. तेवढ्याने मन निवळायला हवे होते. परंतु मन म्हणाले, विटांची अदलाबदल झाली नसेल कशावरून? दत्तूने चांगोला बजावले की, मिस्त्रीने गाडीत दोष दाखवला नाही तर उद्यापासून येऊ नकोस. चांगोने मान हलवली. “मी काय केलं नाय,” एवढेच तो म्हणाला. त्याचे घर त्याच नोकरीवर चालत होते.

दत्तूने मला ट्रकबरोबर पाठवले ते लक्ष ठेवण्यासाठी. चांगोवर आणि मिस्त्रीवरही. चांगला भाग काढून घेऊन जुनाच पुसून परत बसवणारे मिस्त्री असतात, असे त्याने ऐकले होते. निघण्यापूर्वी, कोणी पाहत नाही असे पाहून, मी डॅशबोर्डखालच्या फ्यूजच्या डब्याच्या बुडाशी खिळ्याने बारीक ‘श्री’ कोरला.

सुदाममिस्त्रींनी लगेच काही उघडले नाही. त्यांनी चांगोला विचारले, “कुठं होतं हे?”

“वाडीच्या फाट्याव.”

“रोज तिथंच?”

“रोज.” चांगोने माझ्याकडे पाहिले नाही.

“मग इथं बघून काय उपयोग? चल, तिथंच जाऊ.”

आम्ही तिघे केबिनमध्ये बसून निघालो. फाट्यापाशी रस्ता पार उखडलेला होता. तिथे चाके आदळू लागली आणि हॉर्न किंचाळू लागला. चांगो वायर सोडायला खाली उतरू लागला, तसे मिस्त्री म्हणाले, “थांब, वाजू दे.” ते डॅशबोर्डखाली शिरले आणि एकेक फ्यूज काढून परत लावू लागले. कोणता काढला असता काय थांबते, कोणता लावला असता काय चालते... माझ्या शास्त्रात यालाच अन्वय-व्यतिरेक म्हणतात. शिकवला मी, वापरताना प्रथम पाहिला तो त्या दिवशी.

हॉर्न थांबला. मिस्त्री बाहेर आले. “वायरीला कुणी हात लावलेला नाही. डबाच गेलाय. आतल्या आत लाइन एकमेकींत शिरतेय. हादरा बसला की हालतं आणि रस्ता इथंच खराब आहे. गाडी दुसरीकडं कशी अडेल?”

दत्तूच्या प्रश्नाचे ते उत्तर होते. तरीही माझ्या मनात आले, की हे दोघे आधीच भेटलेले तर नसतील?

दुकानी परतल्यावर मिस्त्रींनी प्रत्येक वायरीला चिंधीची खूण बांधून डबा सोडवला. झाकण उघडून आत पाहिले आणि तत्काळ बंद केले. मग म्हणाले, “चांगो, तीन चहा सांग जा. आणि तिथंच थांबून घेऊन ये.”

चांगो गेला. मिस्त्रींनी डबा माझ्यासमोर उघडला. तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा थर चढला होता. त्यावर लालसर चिखल... आणि पट्ट्यांच्या फटीत फुगून काळे पडलेले तांदळाचे दाणे.

खंडेनवमीला ट्रकची पूजा मीच केली होती. साऱ्या वायरी याच डब्यात येतात, हे दत्तूने कौतुकाने दाखवले होते. मला वाटले, हेच या वाहनाचे हृदय. झाकण उघडून मी हळद-कुंकू, अक्षता आणि पळीभर पंचामृत तिथेच अर्पण केले होते, समंत्रक, अत्यंत श्रद्धेने.

मिस्त्री हसतील, या भयाने मी त्यांच्या तसबिरीकडेच पाहत राहिलो. ते हसले नाहीत. चिमट्याने एकेक दाणा काढून त्यांनी कागदाच्या पुडीत ठेवला. “गुरुजी, हे तुमच्या देवाचं. झाडून टाकलं तर पायाखाली येईल, म्हणून वेगळं काढलं.” मग डबा उलटा करून बुडावरून अंगठा फिरवला. “खूण केलीत ते बरं केलंत. माल आपलाच आहे याची खात्री असावी.” मला मान वर करवेना. पुडी आणि डबा माझ्या हाती देत ते हलकेच म्हणाले, “घरी काय सांगायचं ते तुम्ही बघा. मी कुणाला सांगणार नाही.”

नवा डबा बसला. चिंध्या पाहून एकेक वायर जागच्या जागी गेली, टेस्ट लॅम्प प्रत्येक ठिकाणी पेटला. घरी येऊन मी दत्तूला सांगितले, “डबा जुना झाला होता.” असत्य नव्हते ते... सत्यही नव्हते. चांगोची नोकरी राहिली. परंतु दत्तूचा संशय गेला नाही. “जुना झालेला डबा दसऱ्यानंतरच बरा बिघडला,” असे तो म्हणे. पुढे ट्रक विकेपर्यंत त्याने प्रत्येक खेपेच्या वेळी चांगोला दारात उभे करून चार प्रश्न विचारले. मी आत सारे ऐकत असे.

सुदाममिस्त्री नंतर अनेकदा भेटले. दर वेळी विचारीत, “चांगो बरा आहे ना?” या प्रश्नात टोचणी आहे, असा मला संशय येई आणि मी विषय बदली. आज वाटते, त्यांना केवळ चांगोची खुशालीच हवी असेल. साध्या प्रश्नाला साधे उत्तर देण्याची योग्यता माझ्याकडे नव्हती.

त्या दिवशी उंबऱ्याशी बसलेल्या चांगोला मी अखेर सारे सांगितले. पूजा, पंचामृत, पुडी. तो म्हणाला, “मला ठावं व्हतं, गुरुजी.”

“मिस्त्री बोलले?”

“नाय वं. ते कवाच नाय बोलले. पन मला चहाला धाडलं ना, तवाच समजलं. माझी चूक आसती तं मला समोर उभं केलं आसतं. माझी चूक झाकाया कोन कशाला मला भायेर धाडील?”

“मग इतकी वर्षे बोलला का नाहीस?”

“तुमी सांगाल म्हनून वाट बघितली.” मग उठता उठता, “मिस्त्री बी वाट बघत व्हते.”

चांगो गेल्यावर मी कपाटातून तो डबा काढला. पुडीतील अक्षता मी त्याच आठवड्यात उल्हास नदीत सोडल्या होत्या. डबा मात्र टाकवला नाही. पट्ट्यांवरचा हिरवा थर अजून तसाच आहे आणि बुडाशी माझ्या हातचा ‘श्री’. दत्तू ही पुरवणी दर रविवारी वाचतो. वाचून झाल्यावर तो माझ्याकडे येईल. तेव्हा मी डबा त्याच्या हाती देईन, खूण दाखवीन आणि मग आम्ही दोघे भाऊ चांगोच्या वाडीला जाऊ.