जॅकखाली बारशाचा पाट

मंडळी, दोन्ही हात शाबूत आहेत म्हणून हे लिहितोय.

सकाळी आईला घेऊन कराडला भाचीच्या बाळाच्या बारशाला निघालो. रहिमतपूरच्या पुढं गाडी पंक्चर झाली. कडेची माती उसाच्या पाण्यानं ओली होती. चाक जरा उचललं आणि जॅक मातीत रुतला. गाडी कलली, हात कसाबसा मागं घेतला.

आई ओरडली, "आरं मास्तरा, जॅकचं बूड केवढंसं! डिकीतला पाट घाल खाली."

"आगं, त्यो बाळंतिणीला बसायला नेतोय न्हवं?"

"आदी तू तर नीट पोच!"

पाट घातला. गाडी तीच, जॅक तोच, पण माती हलली नाही. हुश्श!

पाटावर वण उठला, तरी बाळंतीण हसत त्यावरच बसली.

उद्या आठवीला 'दाब' शिकवायचाय. वर्गात पाट नेऊ, का आईलाच?