जाळ्यावरचा जवळा

वृत्तपत्राच्या डेस्कवरून निवृत्त झाल्यावर मी शास्त्रज्ञांची प्रसिद्धिपत्रकं लिहून देऊ लागलो. त्यांच्या संशोधनाची बातमी व्हावी आणि ती चुकीची होऊ नये, एवढंच काम. बहुतेक वेळा ते फोनवर होतं. सुक्या मासळीच्या पत्रकासाठी मात्र मला वसईहून अर्नाळ्याला जावं लागलं.

गोखिवऱ्याला राहणाऱ्या एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एप्रिलच्या अखेरीस चार पानांचा मजकूर घेऊन घरी आल्या. सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, पावसाळाभर साठवला तर त्याला बुरशी कधी आणि का लागते, हे त्यांनी दोन हंगाम तपासलं होतं. उघड्या वाळूवर वाळवलेल्या जवळ्यात वाळूचे दमट कण राहतात आणि बुरशी लवकर धरते. जाळ्यावर किंवा सिमेंटच्या ओट्यावर वाळवलेला टिकतो. हे शेवटचं वाक्य चौथ्या पानाच्या तळाशी होतं.

"डेस्कवर बातमी खालून कापतात," मी म्हणालो. "जाहिरात आली की शेवटच्या आठ ओळी जातात. तुमचा निष्कर्षच आधी जाईल."

"पुरावा मांडण्याआधी निष्कर्ष कसा सांगू?"

"वाचक पुराव्यापर्यंत थांबत नाही."

मी दुसऱ्या दिवशी एका पानाचं पत्रक केलं. पहिलं वाक्य होतं : 'घरोघरी साठवल्या जाणाऱ्या सुक्या मासळीत आरोग्याला घातक बुरशी आढळली आहे.' वाक्य खरं होतं. मला ते आवडलंही होतं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "आधी हे अर्नाळ्याला जवळा विकणाऱ्या मावशींना वाचून दाखवू. काही नमुने त्यांच्याच अंगणातले आहेत."

छापण्याआधी मजकूर संबंधितांना दाखवायचा नाही, हा नियम मी नोकरीभर पाळला होता. तसं मी सांगितलं.

"बातमी तुम्ही छापणार नाही आहात, सर. पत्रक माझं आहे. आणि मे महिना त्यांच्या विक्रीचा आहे. पावसाळ्याची बेगमी लोक आत्ताच करतात. जून लागला की कोणी विचारत नाही."

सकाळी आठला आम्ही तिथे पोहोचलो. मावशी जुन्या जाळ्यावर पसरलेला जवळा हातानं उलटत होत्या. त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवलं. मी पहिलं वाक्य वाचलं.

"थांब भाऊ." त्या शास्त्रज्ञ बाईंकडे वळल्या. "काय गं बाय, माजाच जवला पिशवीत भरून नेलास आनि मलाच नापास केलास?"

"नाही मावशी, तुमचा पास झाला. तो सगळ्यात चांगला निघाला. खाली लिहिलंय."

"खाली कोन बघतं? गिऱ्हाईक पाटीशी येतं ते पयला वास घेतं. वास नाय आवडला तर माज्या तोंडाकडंपन बघत नाय." मग माझ्याकडे बोट. "या भाऊनं पयलाच वास सोडला!"

शेजारच्या अंगणातून हसू आलं. तिथे मावशींची जाऊ वाळूवर जवळा पसरत होती. जाळं नव्हतं.

"मंग आता गिऱ्हाइकाला काय सांगायचं? एका दमात सांग."

शास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, "पावसाळ्यासाठी ठेवायचा असेल तर जाळ्यावर नाहीतर ओट्यावर वाळवलेला जवळा घ्या."

"हां. आनि जे वालूवर घालतात त्यांना सांग, खाली जुनी जाली टाका. नायतर माजी जाव बसंल पाटी घेऊन घरी."

तिथेच पत्रक पुन्हा लिहिलं. पहिलं वाक्य शास्त्रज्ञ बाईंचं, दुसरं मावशींचं. बुरशी तिसऱ्या वाक्यात गेली. नमुने मोजक्याच गावांतले आहेत, हे बाईंना शेवटी हवं होतं. मी ते चौथं घेतलं. त्यांनी मान डोलावली.

बातमी तीन दैनिकांत आली. एकानं ती आतल्या पानावर कोपऱ्यात बसवली आणि मथळा दिला : 'सुक्या मासळीत बुरशी!' डेस्कवर असतो तर मीही तोच दिला असता. खाली चार वाक्यं उरली होती. आमची पहिली चार.

रविवारी सकाळी मी बाजारात गेलो. मावशींच्या पाटीशी एक बाई जवळा चिमटीत धरून उभ्या होत्या.

"जाळ्यावरचा आहे ना? पेपरात आलंय."

"हात घाल आतमधी. वालू लागली तर फुकट ने."

त्यांनी हात घातला, तळव्याकडे पाहिलं आणि दोन किलो मोजून घेतला. मी होतो तोवर आणखी चौघींनी हेच विचारलं. पाटी रिकामी झाली. जाऊबाई शेजारी होत्या. त्यांची पाटी अर्धी होती. जाळी शनिवारी अंथरली, असं त्यांनी सांगितलं. मागचा माल वाळूवरचा होता आणि विचारणाऱ्याला त्या तसं सांगत होत्या.

मी शास्त्रज्ञ बाईंना फोन केला. "बातमीचा परिणाम झाला. मावशींचा माल खपला."

"किती वेळ होता तुम्ही तिथे?"

"अर्धा तास."

"किती पाट्या पाहिल्या?"

"दोन."

"मग तेवढंच म्हणा, सर," त्या म्हणाल्या. "आणि जाऊबाईंचा नवा माल कधी वाळतोय ते विचारून ठेवा. मला नमुना हवाय."