चौथ्या पानावरचे शास्त्रज्ञ

मुंबईत कल्पना सुचणारी जेवढी म्हणून डोकी असतील, त्यातलं एक अव्वल डोकं भांडुपला आमच्या मेहुण्यांच्या खांद्यांवर आहे. आणि त्या डोक्यातली कल्पना कागदावर उतरेपर्यंत तिची जी वाट लागते, तशी लावणारा माणूसही सबंध मुंबईत दुसरा नाही, ह्याबद्दल आमच्या नातेवाइकांत दुमत नाही. मेहुणे म्हणजे आमच्या हिचे थोरले भाऊ. पोटापाण्यासाठी ते साकीनाक्याच्या एका कारखान्यात फरसाणाच्या आणि मसाल्याच्या खोक्यांवरची चित्रं काढतात. लाल मिरचीला पाहताक्षणी ठसका लागेल अशी चकाकी आणावी तर त्यांनीच. पण ती झाली नोकरी. त्यांचं खरं काम रविवारी सुरू होतं आणि ते म्हणजे सुपरहिरोंची चित्रकथा. तीही मराठीत, आणि आपल्या उपनगरांत राहणाऱ्या, सोसायटीचा मेन्टेनन्स भरणाऱ्या सुपरहिरोंची. स्वतः रचायची, स्वतः काढायची आणि पदरमोड करून स्वतःच छापून आणायची. मुखपृष्ठाला कारखान्यातला उरलासुरला पुठ्ठा, मालकांना विचारून आणलेला. त्यामुळे मुखपृष्ठ उलटलं की आतल्या बाजूला 'कोरड्या व थंड जागी ठेवावे' अशी सूचना दिसते. बहुतेक वाचकांनी ती तंतोतंत पाळली आहे.

कल्पना मात्र अशा की ऐकताना अंगावर काटा यावा. त्या कधी आणि कुठे सुचतील ह्याला धरबंध नाही. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती आणि आम्ही दोघं माझं लोखंडी कपाट जिन्याने वर चढवत होतो, तेव्हाची गोष्ट. वरची बाजू मेहुण्यांकडे, खालची माझ्याकडे. म्हणजे भार कोणाकडे होता हे सांगायला नको. मधल्या वळणावर मेहुणे एकदम थांबले. मला वाटलं कंबर धरली. ते म्हणाले, "भावोजी, एक सुपरहिरो आहे. कोणालाही वाचवू शकतो. पण ज्याला वाचवलं त्याने 'थँक यू' म्हटलं, की ह्याची शक्ती गेली!" कपाट माझ्या छातीवर रेललेलं असूनही मी म्हणालो, "वा!" खरंच म्हणालो. मला त्या क्षणी तो बिचारा दिसायला लागला. बुडणाऱ्याला बाहेर काढून तोंड लपवत पळणारा, लोकांनी आभार मानू नयेत म्हणून मुद्दाम खेकसून बोलणारा, आणि म्हणून सगळ्या गल्लीत शिष्ट ठरलेला. "पुढे?" मी विचारलं. "पुढे मस्तच आहे," मेहुणे म्हणाले आणि त्यांनी कपाट उचललं.

पुढचं मस्त छापून आलं तेव्हा मी ते बसून वाचलं. पहिली तीन पानं झकास. चौथ्या पानावर पांढऱ्या कोटातले एक वयोवृद्ध शास्त्रज्ञ अवतरले. ही शक्ती कशी मिळाली, त्यामागे कुठले किरण आहेत, ते शरीराच्या कुठल्या ग्रंथीत साठतात, हे त्यांनी सलग चार पानं समजावलं. मग एक खलनायक आला. त्याला जग जिंकायचं होतं आणि सुरुवात तो विक्रोळीपासून करणार होता. मग मारामारी, मग आणखी मारामारी, आणि शेवटी एक गुद्दा बसून खलनायक पवई तलावात. संपलं. 'थँक यू' हा शब्द शास्त्रज्ञ गेल्यानंतर एकदाही आला नाही. मी भीत भीत तसं म्हटलं, तर मेहुणे म्हणाले, "अहो, मारामारीत आभार मानायला कोणाला वेळ असतो?"

दुसरा एक सुपरहिरो होता, तो ज्याच्या घरी जेवेल त्याची कला ह्याच्या अंगात उतरायची. विचार करा, केवढा ऐवज! शिंपिणीकडची पोळी, वकिलाकडची आमटी, हार्मोनियमवाल्याकडची खिचडी. हा गडी घरोघरी जेवत फिरला असता तर गोष्ट आपोआप घडत गेली असती. पण मेहुण्यांनी त्याला एवढ्या मोठ्या मुंबईत एकाच घरी जेवू घातलं, तेही पैलवानाकडे. का, तर पुढे मारामारी होती. पवई तलावात त्यांनी आजवर इतके खलनायक बुडवले आहेत की तिथल्या मगरींनी आता दुसरं काही खायचं सोडलं असेल. आणि ते शास्त्रज्ञ प्रत्येक अंकात हजर. मी एकदा विनवलं, "दादा, ह्या गृहस्थांना एखाद्या अंकात रजा द्या." तर त्यांना खरंच वाईट वाटलं. "वाचकाला कळायला नको का, भावोजी? आपण अर्धवट सांगायचं आणि त्याने डोकं खाजवायचं, हे मला पटत नाही." माणूस असा भला. कोणाला कोड्यात टाकणं त्यांच्या स्वभावातच नाही, आणि गोष्टीचं नेमकं तिथेच बिनसत होतं.

आमच्या वहिनी, म्हणजे मेहुण्यांच्या मिसेस, ह्याच्या अगदी उलट. त्या मुलुंडला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असतात. तोंडाने सुपरफास्ट, मूळ मालवणकडच्या, आणि रागावल्या की अजून तिकडच्याच. बाहेरच्या बाकावर गाल धरून बसलेल्या पेशंटला त्या सहज काहीतरी सांगायला लागतात. वरच्या मजल्यावरच्या बाईंची हरवलेली चप्पल, नाहीतर कोणाच्या तरी चुलत सासूबाईंचा अबोला. विषय एवढासा, पण डॉक्टर आत बोलावतात तेव्हा पेशंट म्हणतो, "दोन मिनिटं थांबा हो, त्या सासूबाई बोलल्या का ते कळू दे." मी स्वतः माझी दाढ दुखायची थांबल्यावरही तिथे बसून राहिलो आहे. मेहुण्यांच्या चित्रकथा मात्र वहिनींनी कधी शेवटपर्यंत वाचल्या नाहीत. चौथ्या पानाला त्यांना कुकरची शिट्टी ऐकू यायची. मेहुणे मला हळूच म्हणायचे, "तिला गोष्टीतलं काही कळत नाही हो." हे ऐकू आलं की आतून उत्तर यायचं, "तुमका काय कळता ता म्हायत आसा माका!"

तर ह्या मेहुण्यांनी मागच्या वर्षी जाहीर केलं, की हा शेवटचा अंक. डोळ्यांनी बारीक रेघा जमेनात, बोटं दुखायला लागली, पण खरं दुखणं वेगळं होतं. पुस्तक कोणाच्या हातात दिलं की मेहुणे त्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, अंगठ्याकडे बघतात. अंगठा कुठल्या पानावर थबकतो, हे त्यांना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. "कल्पना सगळ्यांना आवडते, भावोजी," ते म्हणाले, "पण तुम्ही सोडलात तर शेवटचं पान अजून कोणी उलटलेलं नाही. ह्या वेळी एकाने जरी उलटलं तरी मी चालू ठेवीन. नाहीतर बस झालं." बोलताना ते हसत होते, पण मला त्यांच्याकडे बघवेना.

ह्या शेवटच्या अंकातली सुपरहिरो होती बाई. अनोळखी माणसांना ती लख्ख दिसते, पण ओळखीच्या माणसांना दिसत नाही. जेवढी ओळख वाढेल तेवढी ती पुसट होत जाते. मला विचाराल तर मेहुण्यांची ही सगळ्यात मोठी कल्पना. अंधेरीला एका हॉलमध्ये हौशी चित्रकथाकारांचं प्रदर्शन होतं, तिथे त्यांनी एक टेबल घेतलं. मी गठ्ठे उचलायला, आणि वहिनी, ह्यांनी वेळेवर जेवावं म्हणून डबा घेऊन. सकाळपासून पोरं यायची, मुखपृष्ठ बघायची, "काका, कन्सेप्ट एकदम भारी ना!" म्हणायची, पानं उलटायची आणि शास्त्रज्ञांची गाठ पडली की पुस्तक अलगद खाली ठेवायची. दुपारपर्यंत मेहुण्यांनी अंगठ्यांकडे बघणंही सोडलं. "चहा घेऊन येतो," म्हणाले आणि गेले. त्यांचा शर्ट पाठीवर चुरगळलेला होता, तेवढंही मला उगाच लागलं.

तेवढ्यात एक कॉलेजातली मुलगी आली. तिने मुखपृष्ठ पाहिलं आणि वहिनींनाच विचारलं, "पण काकू, घरच्यांना दिसत नाही, मग घरात काय होतं तिचं?"

वहिनी डबा पुसत होत्या. म्हणाल्या, "काय होणार गं? लग्नाच्या दिवशी अख्खी दिसत होती. महिन्याभरात आधी पाय दिसेनासे झाले. नवऱ्याच्या लक्षातच आलं नाही. पायांकडे कोण बघतं? मग हात गेले. चहा समोर येत होता ना, मग त्याला वाटायचं, चहा काय, येतोच." मुलगी टेबलाला टेकली. वहिनींनी डबा खाली ठेवला. "भाजीवाला तिला 'ताई' म्हणायला लागला, की ही घाबरायची. ओळख झाली तर ह्यालाही दिसणार नाही. म्हणून एकदा भांडुपला भाजी घ्यायची, एकदा विक्रोळीला. रस्त्यावर कोणी धक्का मारून 'दिसत नाही काय?' म्हणून ओरडला, तर हिला एवढं बरं वाटायचं! म्हणजे दिसतेय ना अजून."

आजूबाजूची दोन-तीन पोरं सरकून जवळ आली. शेजारच्या टेबलावरचा चित्रकार स्वतःचं गिऱ्हाईक सोडून आला. वहिनी आता दवाखान्यातल्यासारख्या रंगल्या होत्या. शास्त्रज्ञ नाहीत, मारामारी नाही, पवई तलाव नाही. नुसतं एक घर, आणि त्यात न दिसणारी बाई. मुलीने विचारलं, "मग नवऱ्याला ती परत कधीच दिसत नाही?"

"दिसेल की," वहिनी म्हणाल्या. "अनोळखी माणसाला दिसते ना ती? मग ज्या दिवशी त्याला कळेल, की आपली हिची ओळखच नाही, त्या दिवशी दिसेल."

मी मान वळवली, तर त्या घोळक्याच्या मागे मेहुणे उभे होते. दोन्ही हातांत चहाचे कागदी पेले, चहावर साय धरलेली. ते कधीपासून उभे होते कोण जाणे. वहिनींकडे ते असे बघत होते, की ही बाई कोण, कुठली, आणि आपल्या टेबलामागे कशी, हे कोणीतरी सांगावं. त्या मुलीने "शेवट काय होतो ते बघते," म्हणून पुस्तक उघडलं, तर मेहुणे पुढे झाले आणि त्यांनी ते तिच्या हातातून हळूच काढून घेतलं. "हे नको, बाळ," ते म्हणाले. "ह्यातला शेवट चुकलाय. बरोबर असलेलं यायचंय अजून." इतकी वर्षं ज्या शेवटच्या पानासाठी जीव टाकला, ते उलटायला आलेला एकुलता एक अंगठा त्यांनी स्वतःच्या हाताने परत पाठवला. मला त्यांचा इतका अभिमान पुन्हा कधी वाटला नाही.

बंद वगैरे काही झालं नाही. आता रविवारी वहिनी सांगतात आणि मेहुणे काढतात. काम फार सावकाश चाललंय, कारण वहिनी ऐन रंगात आल्या की भाजी फोडणीला टाकायला उठतात आणि मेहुणे पेन्सिल घेऊन मागोमाग स्वयंपाकघरात जातात, "अगं, पुढे काय झालं?" विचारत. उत्तर येतं, "आधी जेवा." शास्त्रज्ञांना कायमची रजा मिळाली आहे. मला त्यांची थोडी आठवण येते, खोटं कशाला बोलू.

परवा गेलो तेव्हा मेहुणे त्या बाईचा चेहरा काढत होते, जिथे ती नवऱ्याला परत दिसते ते पान. समोर वहिनी वाल सोलत बसल्या होत्या. मेहुणे एकदा कागदाकडे बघत, एकदा वहिनींकडे. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना इतक्या वेळा वहिनींकडे बघताना मी पाहिलं नव्हतं. मग माझ्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाले, "भावोजी, हिच्या उजव्या भुवईवर तीळ आहे. मला माहीतच नव्हतं हो."

वहिनींनी मान वर न करता सांगितलं, "तुमच्या पेनाची शाई आहे ती. तीळ डावीकडे आहे."

मेहुण्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला नीट पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले.